एका क्लिकला किती मोजायचे? पे-पर-क्लिक जाहिरातीची हिशेबापासून सुरुवात

पे-पर-क्लिक जाहिरातीत, म्हणजे पीपीसीत, जाहिरात दिसण्याचे पैसे पडत नाहीत. कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच पडतात. व्यवहार जाहिरातदाराच्या सोयीचा वाटतो आणि बऱ्याच अंशी तो आहेही. पण क्लिक करणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक असतोच असं नाही. कुणी नोकरी शोधत असतो, कुणाला फुकट माहिती हवी असते, कुणाचा अंगठा चुकून पडलेला असतो. पैसे तिन्ही वेळा सारखेच जातात.

हा लेख स्वतःचं पहिलं सर्च कॅम्पेन, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणाऱ्या जाहिरातींची मोहीम, उभं करू पाहणाऱ्या व्यावसायिकासाठी आहे, आणि एजन्सीला काम देऊन दर महिन्याला न समजणारा अहवाल वाचणाऱ्यासाठीही. उदाहरण म्हणून लॅपटॉप दुरुस्तीचा व्यवसाय घेतला आहे. आकडे नुसतेच लिहिले आहेत, चलन तुमचं तुम्ही जोडा.

लिलाव कसा होतो

कुणीतरी शोधायचे शब्द टाइप करतो आणि निकालांचं पान उघडायच्या आत त्यावरच्या जाहिरातींच्या जागांचा एक लिलाव होऊन गेलेला असतो. प्रत्येक शोधाला नवा लिलाव.

ही पद्धत गुगलने शोधलेली नाही. बिल ग्रॉस यांच्या आयडियालॅब या नव्या कंपन्या उभ्या करणाऱ्या संस्थेतून निघालेल्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने ती १९९८ मध्ये आणली: जो जास्त पैसे देईल त्याचं नाव वर. पुढे या कंपनीचं नाव ओव्हरच्युअर झालं आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गुगलची जाहिरात सेवा अ‍ॅडवर्ड्स, हे ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झालं तेव्हा ते जाहिरात हजार वेळा दिसण्यामागे पैसे घेत असे. क्लिकचा लिलाव तिथे २००२ मध्ये आला, पण एक महत्त्वाचा फरक घेऊन. जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता किती, हेही बोलीच्या जोडीला मोजलं जाऊ लागलं. कारण उघड आहे. मोठी बोली लावलेल्या पण कुणीही न दाबलेल्या जाहिरातीतून गुगलला छदामही मिळत नाही. २०१८ मध्ये अ‍ॅडवर्ड्सचं नाव गुगल अ‍ॅड्स झालं, मूळ कल्पना तीच राहिली.

सोपं करून मांडू: बोली आणि जाहिरातीचा दर्जा यांचा गुणाकार ज्याचा मोठा, तो वर. एकाच शोधासाठी तीन दुरुस्तीवाले उभे आहेत. ‘अ’ची बोली १६ आणि दर्जा ४, गुणाकार ६४. ‘ब’ची बोली ९ आणि दर्जा ८, गुणाकार ७२. ‘क’ची बोली १२ आणि दर्जा ५, गुणाकार ६०. सगळ्यात कमी बोली लावूनही वरची जागा ‘ब’ला मिळते. तो देतो किती? ‘अ’ला मागे ठेवायला पुरतील तेवढेच: ६४ भागिले ८, म्हणजे ८ आणि वर किंचित. त्याच्या खाली बसलेला ‘अ’ मात्र ६० भागिले ४, म्हणजे १५ देतो. खालची जागा आणि जवळपास दुप्पट भाव.

खरं गणित याहून गुंतागुंतीचं असतं. शोधणारा कुठे आहे, वेळ कोणती, मोबाइल की संगणक, जाहिरातीला फोन नंबर आणि जादा लिंक जोडल्या आहेत का, हे सगळं त्यात येतं. शिवाय पात्रतेची एक किमान रेषा असते. तुम्ही लिलावात एकटे असलात तरी ती ओलांडावीच लागते, त्यामुळे स्पर्धक नसला तरी क्लिक फुकट मिळत नाही.

दर्जा ठरतो तीन गोष्टींवर: क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, शोधलेल्या शब्दांशी जाहिरातीचा मेळ, आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. गुगल अ‍ॅड्समध्ये कीवर्डपुढे, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी म्हणून आपण ते निवडतो त्यांच्यापुढे, १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो. तो निदानासाठी दिलेला आकडा आहे. लिलावाच्या क्षणी दर्जा पुन्हा ताजा मोजला जातो. त्यामुळे सातचे आठ करण्याच्या मागे लागू नका. तीन किंवा चार दिसले तर मात्र वरच्या तिन्हींपैकी कुठे ‘सरासरीपेक्षा कमी’ असा शेरा आहे ते जरूर बघा.

आधी कागदावरचा हिशेब

खातं उघडण्याआधी एकच आकडा काढायचा: आपल्याला एक क्लिक जास्तीत जास्त कितीला परवडतो. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि बाजारात क्लिक कितीला मिळतो याची चौकशी करत बसतात.

एका दुरुस्तीत सुटे भाग आणि कारागिराचा वेळ वजा जाता ९०० उरतात असं धरू. दहा जणांनी चौकशी केली तर तिघे काम देतात. म्हणजे एका चौकशीची किंमत २७०. हे सगळेच जाहिरातीत घातले तर हाती काही उरणार नाही, म्हणून चौकशीमागे १५० खर्च करायची तयारी ठेवली. आता वेबसाइटवर आलेल्या शंभरांपैकी सहा जण फोन करतात किंवा फॉर्म भरतात. १५० गुणिले ६ भागिले १००, म्हणजे ९. क्लिकमागे नऊच्या वर गेलात की तुम्ही ठरवलेली खर्चाची मर्यादा ओलांडताय.

नवीन व्यवसायाकडे हे आकडे नसतात. अंदाजाने धरा, पण कागदावर धरा, म्हणजे महिन्याभराने खरे आकडे आले की नेमका कोणता अंदाज चुकला ते कळेल.

आणि कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे शब्दांच्या भावाचा अंदाज देणाऱ्या गुगलच्या साधनात, त्या शब्दांचा भाव २० दिसला तर? बोली कमी ठेवून नशीब अजमावण्याने फारसं काही होत नाही. हिशेबातले बाकीचे आकडे हलवावे लागतात. पान सुधारून शंभरात सहाऐवजी बारा चौकशा आल्या की क्लिक १८ पर्यंत परवडतो. फोन वेळेवर उचलून आणि नीट बोलून दहातली तीन कामं पाच झाली, तर चौकशीची किंमत ४५० होते. त्याच प्रमाणात जाहिरातीला २५० देता येतात, आणि जुन्याच पानावर क्लिक १५ पर्यंत परवडतो. दोन्ही जमलं तर ३०. फोन कोण उचलतं हा प्रश्न जाहिरातीच्या चर्चेत क्वचितच निघतो, पण ‘गुगलवर पैसे वाया गेले’ अशी तक्रार जिथे असते तिथे आधी न उचललेल्या फोनची यादी मागवावी.

काही धंद्यांना हा मार्ग मुळातच लागू पडत नाही. वस्तू इतकी नवीन आहे की तिचं नाव घेऊन कुणी शोधतच नाही, तर सर्च जाहिरात दाखवणार कुणाला? एका विक्रीत अगदी थोडे सुटतात आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, तर हिशेब बसत नाही. अशा वेळी थांबलेलं बरं.

जाहिरातीआधी मोजणी

चौकशी झाली की तिची नोंद जाहिरात खात्यात पडली पाहिजे. या नोंदीला कन्व्हर्जन म्हणतात. मोजणी बसवल्याशिवाय पहिला क्लिकही विकत घेऊ नका, कारण नंतर कोणता शब्द कामाचा आणि कोणता पैसे खाणारा हे सांगायला कुणी उरत नाही.

कन्व्हर्जन कशाला म्हणायचं हा निर्णय जपून घ्यावा. फॉर्म खरोखर पाठवला गेला, फोनवर ठरावीक सेकंदांहून जास्त बोलणं झालं, ऑर्डरचे पैसे जमा झाले: या खऱ्या घटना. ‘संपर्क’ पान उघडलं, बटण दाबलं, पानावर अर्धा मिनिट थांबला: यांना कन्व्हर्जन म्हटलंत तर अहवाल फुगेल, गल्ला नाही. शिवाय पुढे बोली ठरवणं गुगलच्या यंत्राच्या हाती द्याल तेव्हा ते इमानेइतबारे बटण दाबणारी माणसं शोधून आणेल, कारण तुम्ही त्यालाच यश म्हटलं आहे. पूरक घटना मोजायच्याच असतील तर त्या ‘सेकंडरी’ म्हणून ठेवा; त्या दिसतात, पण बोली ठरवण्यात येत नाहीत.

आणखी एक बारीकशी सेटिंग आहे, ‘एव्हरी’ की ‘वन’. एका माणसाने तीनदा खरेदी केली तर तिन्ही मोजायला हव्यात, तिथे एव्हरी. एकाच माणसाने फॉर्म तीनदा पाठवला तर चौकशी एकच, तिथे वन. मोजणी बसली की स्वतः फॉर्म भरून पाहा. ‘धन्यवाद’चं पान रिफ्रेश केल्यावर दुसरी नोंद पडते का तेही बघा. दुप्पट दिसणाऱ्या चौकशांचं मूळ बहुतेकदा तिथे सापडतं.

काम प्रत्यक्षात फोनवर किंवा दुकानात ठरत असेल तर अजून एक पायरी चढावी. गुगलच्या प्रत्येक क्लिकसोबत पानाच्या पत्त्यात जीसीएलआयडी नावाची खूण येते. फॉर्मबरोबर ती साठवून ठेवा. पंधरा दिवसांनी त्या माणसाने काम दिलं की ती खूण आणि रक्कम खात्यात परत चढवता येते; क्लिकपासून ९० दिवसांच्या आत. मग कोणत्या शब्दांनी चौकशा आणल्या हे तर दिसतंच, कोणत्या शब्दांनी पैसे आणले हेही दिसू लागतं. या दोन याद्या क्वचितच जुळतात.

शब्द निवडताना

‘लॅपटॉप’ हा शब्द विकत घेणं म्हणजे पैशाला आग लावणं. त्यामागे नवा लॅपटॉप घेणारा, वॉलपेपर शोधणारा, शाळेचा निबंध लिहिणारा, सगळे आहेत. शब्दामागचा हेतू ओळखायचा. ‘लॅपटॉप स्क्रीन काळी का पडते’ म्हणणारा अजून स्वतः दुरुस्त करता येईल का ते बघतोय. ‘लॅपटॉप स्क्रीन बदलायचा खर्च’ म्हणणारा पाकिटाकडे हात नेतोय. ‘लॅपटॉप स्क्रीन दुरुस्ती आज’ म्हणणारा दारात उभा आहे. थोडा पैसा असेल तर तो शेवटच्यापासून खर्च करायला सुरुवात करावी आणि मागे सरकत जावं.

कीवर्ड आणि प्रत्यक्ष शोध यांचं नातं मॅच टाइप ठरवतो. एक्झॅक्ट मॅच सगळ्यात घट्ट, फ्रेज मॅच त्याहून सैल, ब्रॉड मॅच सगळ्यात मोकळा. पण नावावर जाऊ नका. एक्झॅक्टमध्येही आता त्याच अर्थाचे वेगळे शब्द चालतात. ब्रॉडमध्ये तर तुमच्या कीवर्डमधला एकही शब्द नसलेल्या शोधावर जाहिरात लागू शकते. गुगल ब्रॉडची शिफारस आग्रहाने करतं. भरपूर कन्व्हर्जन जमलेल्या जुन्या खात्यात ते चालतंही. नव्या, कमी बजेटच्या खात्यात मी एक्झॅक्ट आणि फ्रेजच्या बाहेर जाणार नाही.

नको असलेले शोध अडवायला निगेटिव्ह कीवर्ड असतात. दुरुस्तीवाल्याने पहिल्याच दिवशी कोर्स, क्लास, नोकरी, पगार, फुकट, ड्रायव्हर, डाउनलोड, व्हिडिओ, स्वतः, सेकंडहँड असे शब्द टाकून ठेवावेत. निगेटिव्ह शब्द समानार्थी शब्दांपर्यंत पसरत नाहीत. ‘फुकट’ अडवलं म्हणून ‘मोफत’ अडत नाही, एकवचन अडवलं म्हणून अनेकवचन अडत नाही. चुकीच्या स्पेलिंगचा त्रास २०२४ पासून कमी झाला आहे, बाकी सगळं तुम्हालाच लिहायचं आहे. लोक एकच गोष्ट देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाइप करतात. यादी दोन्हींत हवी.

सर्च टर्म्स रिपोर्ट हा खात्यातला सगळ्यात उपयोगी अहवाल. लोकांनी खरोखर काय टाइप केलं आणि आपण कशाचे पैसे दिले ते तिथे दिसतं. पूर्ण दिसत नाही: २०२० पासून फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल त्यात दाखवत नाही. दिसतं तेवढंही बहुतेक जण वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

शब्दांचे गट पाडताना साधा नियम ठेवा. एका गटातल्या सगळ्या शब्दांना एकच जाहिरात आणि एकच पान चालत असेल तर गट बरोबर आहे. स्क्रीन, बॅटरी आणि पाणी सांडलेला लॅपटॉप हे तीन वेगळे गट.

खात्यातल्या तयार खुणा

नवं खातं उघडताना काही चौकटींमध्ये आधीच टिक केलेली असते. ती कुणाच्या सोयीची आहे हे एकदा समजलं की पुढची कामं भराभर होतात. सुरुवातीला सोपा ‘स्मार्ट’ मार्ग समोर येतो, तो सोडून एक्स्पर्ट मोड घ्या. सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिरातींची, टिक काढा. निकालांच्या पानावरचा माणूस आणि कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये गेम खेळणारा माणूस एका बजेटमध्ये नकोत. सर्च पार्टनर्सही, म्हणजे गुगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर शोध साइट्सही, सुरुवातीला बंद ठेवा.

ठिकाणाच्या सेटिंगकडे खास लक्ष द्या. निवडलेल्या भागात असलेल्या लोकांबरोबरच त्या भागात ‘रस असलेल्या’ लोकांनाही जाहिरात दाखवायची, असा पर्याय आधीच निवडलेला असतो. लॅपटॉप घेऊन दुकानात येणारं गिऱ्हाईकच हवं असेल तर ‘प्रेझेन्स’, म्हणजे फक्त त्या भागात असलेले लोक, हा पर्याय निवडा, नाहीतर हजार किलोमीटरवरून कुणीतरी क्लिक करील आणि बिल तुम्हाला येईल.

बजेट रोजचं लिहायचं असतं, पण गुगल ते महिन्याचं धरतं. एखाद्या दिवशी खर्च रोजच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट. दिवसाचा आकडा अचानक चढला म्हणून घाबरून बदल करत बसू नका.

शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय असते, ती बंद असल्याची खात्री करा. ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’ ९५ टक्के झाला म्हणजे जाहिरात कंपनीच्या बहुतेक सूचना तुम्ही निकालात काढल्या, एवढाच त्याचा अर्थ. सूचना फेटाळली तरी तो वाढतो. नफ्याशी त्याचं देणंघेणं नाही.

जाहिरात आणि तिच्या मागचं पान

हल्लीच्या सर्च जाहिरातीत १५ पर्यंत मथळे आणि ४ वर्णनं देता येतात. मथळा ३० अक्षरचिन्हांचा, वर्णन ९० चं. त्यातून जुळणी गुगल करतं. म्हणून प्रत्येक मथळा एकटा वाचला तरी अर्थ लागला पाहिजे, आणि दोन मथळे शेजारी आले तर तेच ते वाटू नये. एखादी गोष्ट दिसायलाच हवी असेल तर तो मथळा पिन, म्हणजे ठरावीक जागी पक्का, करता येतो. सगळंच पिन केलं तर जुळणीला वाव राहत नाही.

गटातला मुख्य शब्द एखाद्या मथळ्यात हवाच. त्यापुढे ठोस गोष्टी: किती वेळात काम, दर कुठून सुरू, वॉरंटी किती, कोणत्या ब्रँडची दुरुस्ती करता. ‘सर्वोत्तम सेवा’ आणि ‘ग्राहकांचा विश्वास’ शेजारच्याच्या जाहिरातीतही असतात. क्लिकला पैसे पडत असल्यामुळे जाहिरातीने चुकीच्या माणसाला परतही लावलं पाहिजे. ‘फक्त कंपन्यांसाठी’ किंवा सुरुवातीचा दर लिहिला तर क्लिक घटतील. घटलेले क्लिक बव्हंशी न घेणाऱ्यांचे असतील. इथे एक ओढाताण आहे. क्लिक फारच घटले तर दर्जाचा आकडा खाली जातो आणि भाव चढतो. मी स्वतः अशा वेळी चौकशीमागचा खर्च बघतो, क्लिकची टक्केवारी नाही.

क्लिक केल्यावर वेबसाइटचं मुखपृष्ठ उघडत असेल तर अर्धे पैसे तिथेच अडकतात. स्क्रीनच्या जाहिरातीमागे स्क्रीनचंच पान हवं. जाहिरातीत जे म्हटलं तेच पानाच्या मथळ्यात, दर किंवा दराची कक्षा, कामाला लागणारा वेळ, आणि बोटाने दाबता येईल असा फोन नंबर मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर. फॉर्ममध्ये नाव, फोन, मॉडेल एवढंच विचारा. पान हळू उघडत असेल तर आधी ते दुरुस्त करा. क्लिक मोजला गेलेला असतो, माणूस मात्र पान दिसायच्या आधीच परतलेला असतो.

बोली हाताने की यंत्राने

नव्या खात्यात यंत्राला शिकायला काहीच नसतं. सुरुवात मॅन्युअल बोलीने करा, किंवा बजेटमध्ये जास्तीत जास्त क्लिक मिळवणारं ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ घेऊन कमाल बोलीची मर्यादा घाला. आपल्या हिशेबात ती ९ आहे. महिन्याला तीसेक खरी कन्व्हर्जन पडू लागली की स्वयंचलित बोलीकडे जाण्यात अर्थ आहे, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. चौकशांचा व्यवसाय असेल तर ‘टार्गेट सीपीए’ (एका कन्व्हर्जनमागच्या खर्चाचं लक्ष्य), वेगवेगळ्या किमतींच्या वस्तू विकत असाल तर ‘टार्गेट रोआस’ (जाहिरात खर्चाच्या प्रमाणात विक्रीचं लक्ष्य).

लक्ष्य आजच्या वास्तवाजवळचं द्या. चौकशी सध्या २०० ला पडतेय आणि तुम्ही ८० लिहिलं, तर यंत्र स्वस्त चौकशा शोधून आणत नाही. बहुतेक लिलावांत उतरायचंच थांबवतं आणि जाहिरात गायब होते. १८० लिहा, दोन-तीन आठवडे थांबा, मग पुढचं पाऊल. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ते नव्याने अंदाज बांधतं. रोज आकडे हलवणाऱ्या मालकाच्या खात्यात यंत्राची बोली कधीच स्थिर होत नाही.

२०२१ मध्ये आलेलं परफॉर्मन्स मॅक्स एकाच कॅम्पेनमधून सर्च, यूट्यूब, जीमेल, मॅप्स सगळीकडे जाहिरात दाखवतं. मोजणी पक्की नसेल तर ते कचरा चौकशांचा पूर आणू शकतं. पहिलं कॅम्पेन म्हणून ते टाळावं.

पहिले काही आठवडे

सुरुवातीचे पंधरा दिवस सर्च टर्म्स रोज वाचा आणि नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाका. नंतर आठवड्यातून एकदा पुरतं.

शब्द बंद करायची घाई मात्र नको. आपल्या पानावर शंभरात सहा चौकशा येतात असं धरलं, तर ओळीने तीस क्लिक कोरडे जाण्याची शक्यता सोळा टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे चांगला शब्दही दर सहा-सात वेळांत एकदा तीस क्लिकला एकही चौकशी देणार नाही. शंभर क्लिक कोरडे गेले तर मात्र तो योगायोग पाचशेत एकदाच होईल, तिथे खुशाल बंद करा. याचा उलटा अर्थ बजेटला लागू होतो. क्लिक ८ ला पडत असेल तर एका गटाची परीक्षा घ्यायलाच ८०० लागतात. हातात १५०० असतील तर पाच गट उघडू नका. एक किंवा दोन उघडा आणि त्यांचा निकाल लागू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. खात्यातली चेंज हिस्टरी तारीखवार सांगते की कुणी काय बदललं. आकडे अचानक पडले की पहिली नजर तिथे टाका.

स्पर्धक मुद्दाम क्लिक करून पैसे संपवतो ही भीती सगळ्यांना असते. असे क्लिक होतात. बरेचसे गुगल स्वतः गाळतं आणि त्यांचे पैसे लावत नाही. ‘इनव्हॅलिड क्लिक्स’चा रकाना अहवालात जोडून पाहता येतो. माझ्या अंदाजाने लहान खात्यांत याहून मोठी गळती सैल कीवर्ड आणि चुकीच्या ठिकाणांची असते, आणि ती तुमच्या हातात आहे.

काम एजन्सीला देणार असाल तर खातं तुमच्या नावावर उघडा आणि एजन्सीला त्यात प्रवेश द्या. उलटं केलंत तर संबंध तुटल्यावर सगळा इतिहास त्यांच्याकडे राहतो. मोबदला खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च कमी करा असं एजन्सी स्वतःहून का सांगेल, याचाही विचार सही करण्याआधी करा.

सर्चबाहेरची दुनिया थोडक्यात: मायक्रोसॉफ्ट अ‍ॅडव्हर्टायझिंगचा ढाचा जवळपास हाच. अ‍ॅमेझॉनवरच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्सनाही क्लिकमागे पैसे पडतात, आणि तिथला शोधणारा खरेदीलाच आलेला असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे बहुधा जाहिरात दिसण्याचे पडतात, आणि तिथे कुणी तुमची वस्तू शोधत नसतं. त्यामुळे वरचा हिशेब तिथेही लागतो, पण शंभर क्लिकमागच्या चौकशा वेगळ्या धराव्या लागतात.

हे गिऱ्हाईक तसंही आलं असतं का?

अहवालात कन्व्हर्जन दिसलं म्हणजे ते जाहिरातीमुळेच झालं असं नाही. ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या शोधांवरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. त्या क्लिकपैकी जवळपास सगळी माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरून येतच राहिली. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी हे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ईबे सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव आहे, त्यामुळे त्याचा निकाल जसाच्या तसा लहान व्यवसायाला लावता येणार नाही. तुमच्या नावाच्या शोधावर स्पर्धक जाहिरात लावत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. पण प्रश्न सगळ्यांना लागू आहे, आणि स्वतःच्या नावाचे क्लिक सगळ्यात स्वस्त असल्यामुळे ते अहवालाची सरासरी फार देखणी करून टाकतात. म्हणून नावाचं कॅम्पेन कायम वेगळं ठेवा आणि त्याचे आकडे बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

तपासणी लहान खात्यातही करता येते. ज्या भागांतून साधारण सारखी कामं येतात असे दोन भाग निवडा. एका भागात जाहिरात चालू ठेवा, दुसऱ्यात चार आठवडे बंद. त्या काळात जाहिरात खात्याकडे बघू नका. दोन्ही भागांतून आलेली एकूण कामं तुमच्या बिलबुकातून मोजा, मग ती फोनवरून आलेली असोत, ओळखीतून असोत की चालत आलेली. समजा चालू भागात ५० कामं आली आणि बंद भागात ४०. खातं चालू भागात जाहिरातीतून २५ कामं मिळाल्याचं सांगत असेल, तरी जाहिरातीने जादा आणलेली कामं दहाच आहेत. कामं मोजकी असतात तेव्हा निव्वळ योगायोगानेही थोडा फरक पडतो, म्हणून भागांची अदलाबदल करून अजून चार आठवडे मोजा. दोन्ही फेऱ्यांत चित्र तेच राहिलं, तर एका कामामागचा जाहिरात खर्च २५ ऐवजी १० ने भागून काढा आणि क्लिकची कमाल बोली त्या आकड्यावरून नव्याने ठरवा.